पेपर वाचून मुलांचे शब्द वाढतात का? वाढतात, पण एक बातमी धरून ठेवली तर

नमस्कार सर,

तुमचा प्रश्न वाचला. कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातली शाळा, सातवीचा वर्ग. परिपाठात रोज एक मूल बातम्या वाचतं आणि मग प्रत्येकजण पेपरमधले दहा अवघड शब्द अर्थासह वहीत उतरवतो. दिवाळीपर्यंत वह्या भरल्या, पण निबंधात किंवा बोलण्यात त्यातला एकही शब्द दिसत नाही. म्हणून तुम्ही तीन गोष्टी विचारल्या आहेत: पेपर बदलू का, शब्दांची संख्या वाढवू का, आणि वहीवर गुण ठेवले तर फरक पडेल का.

मी नाशिक जिल्ह्यातल्या निफाड तालुक्यात बरीच वर्षं पाचवी ते दहावीला मराठी शिकवतेय आणि पाठ्यपुस्तकाच्या खालोखाल पेपर हेच माझं साधन आहे. त्यामुळे उत्तर जरा लांबेल.

आधी तुमच्या वह्यांमध्ये नेमकं काय झालं असावं ते सांगते. मूल पेपर उघडतं, त्याला दहा शब्द हवे असतात, मग ते दिसेल तिथून उचलतं. एक शब्द न्यायालयाच्या बातमीतला, एक शेअर बाजाराचा, एक परराष्ट्र धोरणाचा, दोन अग्रलेखातले. अर्थ कोशातून, मोठ्या भावाकडून किंवा मोबाइलवरून मिळतो. दुसऱ्या दिवशी नवे दहा. कालचे दहा शब्द त्या मुलाला परत भेटतच नाहीत. शिक्षण हक्क कायद्यात सहावी ते आठवीसाठी वर्षाला २२० दिवस धरलेत, म्हणजे तुमच्या हिशेबाने प्रत्येक मुलाच्या वहीत २२०० शब्द होतील आणि त्यातला जवळजवळ प्रत्येक शब्द त्याला एकदाच भेटलेला असेल. एकदा भेटलेला शब्द फार तर ओळखीचा वाटतो. लिहिताना आपण होऊन तो पेनाच्या टोकाशी येण्यासाठी वेगवेगळ्या वाक्यांत, थोड्या थोड्या दिवसांनी, पुन्हा पुन्हा भेटावा लागतो, आणि मधल्या काळात तोंडातूनही जावा लागतो.

म्हणून पेपर बदलू नका, शब्द वाढवू नका. दहा शब्दांचा नियम मोडा आणि वर्गासाठी एक चालू बातमी निवडा. ती दोन-तीन आठवडे, जमलं तर महिनाभर, तिच्या मागे मागे जात वाचा. एकाच विषयाच्या बातमीत तेच पंधरा-वीस शब्द फिरून फिरून येतात. तुम्हाला उजळणी घ्यावी लागत नाही, ती पेपरच घेतो.

हे कुठे कसं जमेल ते मात्र वर्गावर अवलंबून आहे. मूल अजून अक्षर अक्षर जुळवत वाचत असेल तर बातमी त्याच्या हातात देऊन उपयोग नाही. त्याच्यासाठी मथळा, फोटोखालची ओळ आणि तुम्ही मोठ्याने वाचलेली बातमी एवढंच पुरे. घरी मराठी बोललीच जात नसेल तर वेग निम्मा धरा. तुमच्याकडे कर्नाटकाची हद्द जवळ आहे, वर्गात कन्नड बोलणारी मुलं असणार. हंगामात ऊसतोडीच्या कुटुंबांतली मराठवाड्यातली मुलंही येत असतील. त्यांच्याबद्दल पुढे लिहिते. आणि वर्गात पेपर किती येतात यानेही फरक पडतो, पण वाटतो तितका नाही. एक प्रत असली तरी चालतं. बातमी फळ्यावर लिहा किंवा कात्रणाच्या प्रती काढा. आजचाच पेपर हवा असंही नाही. आठवड्यातली कात्रणं जमवून सोमवारी सुरुवात केली तर उलट क्रम नीट लावता येतो.

आता आमच्याकडचं उदाहरण देते. नाशिककडे पावसाळ्यात दरवर्षी गोदावरीच्या पाण्याची बातमी असते. तिचा ठरलेला साचा मी नमुन्यादाखल लिहिते:

“गंगापूर धरणाच्या पाणलोट क्षेत्रात संततधार सुरू असल्याने शनिवारी दुपारी धरणातून गोदावरी पात्रात होणारा विसर्ग वाढवण्यात आला. संभाव्य पूरस्थिती लक्षात घेऊन नदीकाठच्या नागरिकांना सतर्कतेचा इशारा देण्यात आला असून सखल भागातील कुटुंबांचे स्थलांतर करण्यात येत आहे.”

सातवीच्या मुलाला यात पाणलोट, संततधार, पात्र, विसर्ग, संभाव्य, सतर्कता, सखल, स्थलांतर एवढे शब्द अडतात. पण गोष्ट त्याला माहीत असते. नाशिकला नदीपात्रात रामकुंडावर दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला पाणी कुठपर्यंत लागलंय यावरून पूर मोजतात हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. नांदूर मध्यमेश्वरच्या बंधाऱ्यातून सुटलेलं पाणी पुढे जायकवाडीला जातं हेही घरात बोललं जातं. गोष्ट आधी डोक्यात असली की नव्या शब्दाला बसायला जागा मिळते. म्हणून मी बातमी वाचायच्या आधी पाच मिनिटं फक्त बोलू देते: पाऊस किती आहे, कोणाच्या शेतात पाणी शिरलं, कोणाचे नातेवाईक नदीकाठी राहतात. मुलं त्यांच्या भाषेत बोलतात, “धरणातून पाणी सोडलं”, “खालच्या आळीतल्या लोकांना हलवलं”. ती वाक्यं फळ्याच्या डाव्या बाजूला लिहायची. मग बातमी वाचायची आणि उजव्या बाजूला पेपरचं वाक्य लिहायचं. पाणी सोडलं, विसर्ग वाढवला. खालची आळी, सखल भाग. अर्थ सांगायची गरजच उरत नाही, तो मुलांनीच आधी सांगितलेला असतो.

विसर्ग या शब्दाशी आमच्या वर्गात एकदा चांगला अर्धा तास गेला. एका मुलाने विचारलं, “बाई, विसर्ग म्हणजे दुःखातली दोन टिंबं ना?” प्रश्न अगदी बरोबर होता, व्याकरणात त्याने तेच शिकलं होतं. मी फळ्यावर विसर्ग लिहिला, त्याखाली विसर्जन, त्याखाली उत्सर्जन, आणि तिघांत सारखं काय ते शोधायला सांगितलं. गणपतीचं विसर्जन सगळ्यांना माहीत. उत्सर्जन विज्ञानाच्या पुस्तकात आलेलं. थोड्या वेळाने मागच्या बाकावरून उत्तर आलं, “सगळ्यांत काहीतरी सोडतात.” मूर्ती पाण्यात सोडतात, धूर हवेत सोडतात, धरणातलं पाणी नदीत सोडतात, आणि त्या दोन टिंबांच्या जागी आपण श्वास सोडतो. त्या वर्गातल्या मुलांना विसर्ग पुन्हा शिकवावा लागला नाही. असा योग रोज येत नाही, पण तुम्ही महिनाभर एकच बातमी धरली असेल तर त्यासाठी थांबायला वेळ असतो. रोज दहा शब्द उतरवायचे असतील तर तो नसतो.

पाण्याच्या बातमीत आकडेही येतात आणि ते सोडू नका. आकडा कळला की शब्दाला वजन येतं. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट पाणी, साधारण २८ लिटर. टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट. सातवीच्या मुलांना गणित करू द्या: ११,५७४ क्युसेकचा विसर्ग चोवीस तास चालू राहिला तर एक टीएमसी होतो. जायकवाडीची एकूण क्षमता सुमारे १०२ टीएमसी, पण त्यातले सुमारे २६ टीएमसी मृतसाठा. म्हणजे पेपरात “जायकवाडी शून्य टक्क्यांवर” असं येतं तेव्हाही धरणात पाणी असतं, फक्त नेहमीच्या दरवाजांतून ते काढता येत नाही. उपयुक्त साठा आणि मृतसाठा हे दोन शब्द या एका आकड्यावर जन्मभर लक्षात राहतात.

तुमच्याकडे याच्या तोडीस तोड बातमी आहे, किंबहुना अधिक चांगली. पंचगंगेची राजाराम बंधाऱ्यावरची पातळी ३९ फुटांवर गेली की इशारा पातळी, ४३ फुटांवर धोका पातळी. राधानगरीचे सात स्वयंचलित दरवाजे, कर्नाटकातल्या अलमट्टी धरणातून होणारा विसर्ग, नृसिंहवाडीच्या दत्तमंदिरात पुराचं पाणी शिरून दक्षिण दाराने बाहेर पडतं तो दक्षिणद्वार सोहळा. २०१९ चा पूर तुमच्या मुलांनी लहानपणी पाहिलेला किंवा घरात ऐकलेला असणार. “इशारा” आणि “धोका” यांतला फरक चार फुटांचा आहे, असा भाषेचा धडा कुठल्या पुस्तकात मिळेल? पण ती बातमी जुलैत धरा. आत्ता दिवाळी झालीय, म्हणजे तुमच्या तालुक्यात ऊस आहे.

ऊसदराची बातमी तुमच्याकडे जयसिंगपूरला होणाऱ्या शेतकऱ्यांच्या ऊस परिषदेपासून पुढे अनेक आठवडे चालते, म्हणजे आयतंच साहित्य. गाळप (कारखान्यात ऊस गाळणं), हंगाम, उतारा, पहिली उचल (उसाच्या पैशाचा पहिला हप्ता), एकरकमी, थकीत, तोडगा, निष्फळ, कोंडी. एफआरपी, म्हणजे कारखान्याने उसाला द्यायचा केंद्राने ठरवलेला किमान दर, ही अक्षरं मुलं रोज ऐकतात. त्याचं मराठी, रास्त आणि किफायतशीर दर, त्यांना माहीत आहे का विचारा. मग रास्त म्हणजे काय आणि किफायतशीर म्हणजे काय यावर बोलू द्या. रास्त कोणाच्या दृष्टीने? किफायतशीर कोणाला? शेतकऱ्याच्या घरातली मुलं यावर गप्प बसणार नाहीत. उतारा शब्दाचे तर कितीतरी अर्थ तुमच्या हाताशी आहेत: उसाचा साखर उतारा, सातबाऱ्याचा उतारा, पुस्तकातला उतारा, विषावरचा उतारा. २०२४-२५ च्या हंगामासाठी केंद्राने १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३४० रुपये एफआरपी ठरवली होती. १०.२५ टक्के उतारा म्हणजे शंभर किलो उसातून सव्वादहा किलो साखर. हे एकदा फळ्यावर मांडलं की बातमीचा निम्मा अंधार दूर होतो.

आता कोणते शब्द धरायचे आणि कोणते सोडायचे. इथे बहुतेक शिक्षक अडतात, कारण अवघड दिसणारा प्रत्येक शब्द महत्त्वाचा वाटतो. अमेरिकेत इझाबेल बेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शाळेतल्या शब्दांचे तीन थर सांगितले, आणि मला ती मांडणी मराठीतही उपयोगी पडते. पहिल्या थरात बोलण्यातले रोजचे शब्द, ते मुलांकडे असतातच. तिसऱ्या थरात एकेका विषयाचे खास शब्द: क्युसेक, गाळप, निर्यातशुल्क. मधल्या थरात असे शब्द की जे कुठल्याही विषयात फिरतात: संभाव्य, स्थलांतर, थकीत, तोडगा, निष्फळ, विलंब, तीव्र, तात्पुरता, स्थगित. मेहनत या मधल्या थरावर करायची. संभाव्य हा शब्द आज पुरात भेटला तर उद्या विज्ञानात, परवा निवडणुकीत भेटेल. मी एका बातमीतून चार शब्द धरते: एक खास विषयाचा, तीन फिरते. बाकीचे वाचताना तिथल्या तिथे सांगून टाकते, त्यांचं ओझं करत नाही. आठवड्याला चार धरले तर वर्षाला सव्वाशे-दीडशे होतात. ऐकायला कमी वाटतात, पण ते मुलांचे होतात.

बातमी वर्गाच्या झेपेची आहे का, हेही आधी बघा. न्यूझीलंडचे भाषाशिक्षणाचे अभ्यासक पॉल नेशन यांच्या कामातून एक आकडा प्रसिद्ध आहे: मजकूर कोणाच्या मदतीशिवाय नीट समजायचा तर त्यातले सुमारे ९८ टक्के शब्द आधीच माहीत असावे लागतात. अभ्यास इंग्रजी वाचणाऱ्यांवरचा आहे, मराठीत प्रत्ययांमुळे मोजणी वेगळी होईल. पण शंभर शब्दांत दोन-तीन अडले तर संदर्भावरून अंदाज बांधता येतो आणि दहा-बारा अडले तर अंदाज हवेतच राहतो, हे माझ्या वर्गातही दिसतं. म्हणून मुलांनी एकट्याने वाचायची बातमी आणि आपण मिळून वाचायची बातमी वेगळी ठेवा. वरची धरणाची बातमी एकट्याने वाचायची नव्हे. पण त्याच विषयावरची तिसरी-चौथी बातमी मुलं एकटी वाचतात, कारण तोवर शब्द ओळखीचे झालेले असतात. तो दिवस आला की कळतं की पद्धत चाललीय.

अंदाज बांधायला शिकवा, पण अंदाज तपासायलाही शिकवा. पेपरची भाषा फसवते. “आरोपीला जामीन मंजूर” हे वाचून निम्मा वर्ग सांगतो की माणूस सुटला, म्हणजे निर्दोष ठरला. “न्यायालयीन कोठडी” वाचून सांगतात, शिक्षा झाली. संशयित, आरोपी, दोषी हे तीन शब्द मी मुद्दाम आठवीत शिकवते आणि त्यावर भरपूर वेळ देते. आरोपी म्हणजे चोर, असं मनात बसलेलं मूल मोठं होऊन पेपर वाचताना दुसऱ्याच्या आयुष्याबद्दल चुकीचा निवाडा करत राहतं. इथे शब्द शिकवणं आणि माणूस घडवणं वेगळं काढता येत नाही. गुन्ह्याच्या बातम्या मात्र मी स्वतः निवडते. पेपर वर्गात नेण्याआधी आदल्या दिवशी चाळा आणि जे पान नको ते काढून ठेवा. परिपाठात मूल आयत्या वेळी पेपर उघडून वाचतं तेव्हा काय समोर येईल सांगता येत नाही.

वहीचं काय करायचं? ठेवा, पण तिची रीत बदला. “विसर्ग = पाणी सोडणे” अशी नोंद लिहिण्याच्या कामी येत नाही, कारण मुलाला पुढे हे कळत नाही की विसर्ग देतात, घेतात, होतो की करतात. शब्द त्याच्या क्रियापदासकट लिहायला सांगा: विसर्ग वाढवणे, इशारा देणे, तोडगा निघणे, कोंडी फुटणे, पंचनामा करणे, ठराव मांडणे, अर्ज मागे घेणे, दर वधारणे. त्याखाली पेपरमधलं पूर्ण वाक्य. त्याखाली स्वतःचं वाक्य, पण ते स्वतःच्या घरातलं किंवा गावातलं हवं. आमच्याकडच्या एका मुलीने आवक शब्दावर लिहिलं होतं, “परीक्षा जवळ आली की आमच्या घरी पाहुण्यांची आवक घटते.” शब्द तिचा झाला याला याहून वेगळा पुरावा नको. आणि पान अर्धं रिकामं सोडायला सांगा. तोच शब्द पुन्हा पेपरात दिसला की तारीख टाकून नवं वाक्य खाली चिकटवायचं. ज्या शब्दाखाली पाच-सहा कात्रणं जमतात तो शब्द बोलण्यात येतोच.

आवक शब्द निघालाच आहे तर बाजारभावाच्या रकान्याबद्दल सांगते, कारण शिक्षक तो ओलांडून जातात आणि माझ्या मते लहान वर्गांसाठी पेपरमधली ती सगळ्यात चांगली जागा आहे. कांद्याची मोठी बाजारपेठ असलेलं लासलगाव आमच्या तालुक्यातच. किमान, कमाल, सरासरी, आवक, क्विंटल एवढ्या मोजक्या शब्दांत रोजची बातमी असते. सोबतच्या मथळ्यांत एकाच गोष्टीच्या किती छटा सापडतात पाहा: दर वधारले, दर सुधारले, दराने उसळी घेतली, दर स्थिर, दर नरमले, घसरले, गडगडले, कोसळले. ही क्रियापदं मी चिठ्ठ्यांवर लिहून मुलांना चढत्या क्रमाने लावायला सांगते. नरमले आणि गडगडले यांच्या मध्ये घसरले बसतो की नाही यावर वाद होतो, आणि तो वाद करताना मुलं प्रत्येक शब्द दहा वेळा उच्चारतात. खेळाच्या पानावरही हेच करता येतं: नमवले, मात केली, पराभव केला, धुव्वा उडवला, धूळ चारली. कुठल्या सामन्याला कुठला शब्द शोभतो हे मुलं आपल्यापेक्षा बरोबर सांगतात.

८ डिसेंबर २०२३ ला केंद्राने कांद्यावर निर्यातबंदी घातली तेव्हा आमच्या वर्गात ती बातमी अनेक महिने चालली. लिलाव बंद पडले, रास्ता रोको झाले. बंदी आधी ३१ मार्चपर्यंत होती, मग तिला मुदतवाढ मिळाली आणि ४ मे २०२४ ला ती उठली, पण किमान निर्यातमूल्य आणि निर्यातशुल्क राहिलं. निर्यात, बंदी, मुदत, मुदतवाढ, शुल्क, निर्बंध, शिथिल, साठा हे शब्द मुलांनी पाठ केले नाहीत. ज्यांच्या कांदाचाळीत, म्हणजे साठवणीच्या शेडमध्ये, कांदा पडून होता त्यांना ते हवे होते. एका मुलाने वडिलांना विचारून वर्गात सांगितलं, “बंदी उठली, पण निर्बंध शिथिल झाले असं म्हणा, पूर्ण उठले नाहीत.” शब्दांतला फरक त्याला पैशाच्या फरकातून कळला होता. म्हणून मी पुन्हा सांगते, बातमी निवडताना मुलांच्या घराशी तिचा संबंध आहे का ते पाहा. ज्यांच्याकडे शेती नाही त्या शहरातल्या वर्गात पाणीकपात, बसची भाडेवाढ, रस्त्यांचं काम, निवडणूक यांतलं काही निवडता येईल.

शब्दांची कुटुंबंही पेपरात सहज मिळतात. पूरग्रस्त, दुष्काळग्रस्त, वादग्रस्त, चिंताग्रस्त. ठेवीदार, ठेकेदार, थकबाकीदार. मथळ्यातून असा एक शब्द काढायचा आणि त्याचे भाऊबंद शोधायचे. यासाठी कोश लागतोच. शाळेतले छोटे शब्दकोश बहुधा कमी पडतात. तुम्ही स्वतःसाठी दाते-कर्व्यांचा महाराष्ट्र शब्दकोश आणि मोल्सवर्थ पाहत जा, दोन्ही शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर शोधता येतात. सरकारी बातमीतल्या शब्दांसाठी भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश आहेत. मुलांना मात्र कोश शेवटी द्या, आधी अंदाज, मग चर्चा, मग कोश.

एक सावधगिरी. पेपरची सगळीच भाषा मुलांनी उचलावी अशी नसते. “करण्यात आले”, “देण्यात आली” ही रचना बातमीत चालते, कारण तिथे करणारा कोण हे महत्त्वाचं नसतं. मुलं ती निबंधात आणतात आणि मग “आम्हाला सहलीला नेण्यात आले, तेथे जेवण करण्यात आले” असं वाचायला मिळतं. “एकच खळबळ उडाली”, “सर्वत्र हळहळ व्यक्त होत आहे” हेही तसंच. मी आठवड्यातून एकदा उलटा खेळ घेते: बातमीचं वाक्य आजीला सांगायचं झालं तर कसं सांगशील? आणि आजीने सांगितलेली गोष्ट पेपरात कशी येईल? दोन्हीकडून जाता आलं की कुठला शब्द कुठे ठेवायचा हे कळायला लागतं. निबंधासाठी बातमीपेक्षा वाचकांची पत्रं जास्त उपयोगी पडतात. लहान असतात, एका माणसाचं एक म्हणणं असतं, आणि भाषा बोलण्याच्या जवळची असते. अग्रलेख नववीपर्यंत थांबले तरी काही बिघडत नाही.

कन्नड बोलणारी किंवा मराठवाड्यातून आलेली मुलं वर्गात असतील तर फळ्याच्या डाव्या बाजूला त्यांचेही शब्द येऊ द्या. “पाणी सोडलं” याला तुमच्याकडे काय म्हणतात, हे आधी विचारा. ऊसतोडीच्या कुटुंबातल्या मुलाला गाळप हंगामाबद्दल शिक्षकापेक्षा जास्त माहीत असतं. मोळी, कोयता, फड हे शब्द तो आणेल, तुम्ही थकीत आणि तोडगा द्या. मराठीच्या तासाला वर्गाला काही सांगायची अशी संधी त्याला एरवी क्वचित मिळते, ती जाऊ देऊ नका.

वेळ किती द्यायचा? मी आठवड्यातून तीन दिवस पंधरा-पंधरा मिनिटं घेते आणि परिपाठातलं बातमीवाचन त्याच विषयाला जोडते. वाचणारं मूल धरलेल्या बातमीची पुढची घडामोड सांगतं, मग इतर दोन मथळे. रोजच्या पाच सुट्या बातम्यांपेक्षा हे ऐकणाऱ्यांच्याही लक्षात राहतं.

शेवटी तुमचा गुणांचा प्रश्न. वहीवर गुण ठेवू नका. ठेवले की मुलं पुन्हा अवघड दिसणारे शब्द गोळा करायला लागतील आणि सुंदर अक्षराची स्पर्धा सुरू होईल. तपासायचंच असेल तर असं करा. ऊसदराची बातमी आता धरलीत तर जानेवारीत त्याच विषयावरचं मुलांनी न वाचलेलं एक कात्रण द्या. वाचून झाल्यावर परत घ्या आणि तीन प्रश्नांची उत्तरं लिहायला सांगा: काय झालं, कोणावर परिणाम झाला, आता पुढे काय होईल असं तुला वाटतं. कुठला शब्द वापरा हे अजिबात सांगू नका. उत्तरं घरी आणून फक्त एवढंच पाहा की धरलेल्या शब्दांपैकी कोणते आपण होऊन आले आणि ते योग्य क्रियापदासोबत आले का. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर नीट वाचा, कारण तिथे पेपरचं वाक्य उतरवता येत नाही, मुलाला स्वतःचंच लिहावं लागतं. दर मुलामागे दोन-तीन शब्द आले असतील तर पुढची बातमी धरायला हरकत नाही. फारसे आले नसतील तर ऊस आणखी दोन आठवडे चालू द्या. हंगाम तुमच्याकडे तोवर संपत नाही.